जिप्सीला फ्लेअर : प्रकल्प नोंदी, नागपूर २०२४

१४ जानेवारी

गाडी : मारुती जिप्सी किंग, १.३ लिटर एमपीएफआय, सॉफ्ट टॉप, नोंदणी २००४ ची. काम : चारही चाकांवर नवे फ्लेअर, म्हणजे चाकाच्या कमानीवर बाहेरून बसणारी, टायर झाकणारी रुंद कड. दिवाळीनंतर गडचिरोली, भामरागड, बस्तर आणि तिथून कोरापुट असा लांबचा प्रवास ठरला आहे. त्याआधीचा अख्खा पावसाळा हीच गाडी उमरेडकडच्या शेतावर ये-जा करणार, म्हणजे डांबर, मुरूम आणि काळी माती हे तिन्ही तिच्या वाट्याला आहेत.

आधीच्या मालकाने मूळ फ्लेअर काढून टाकले होते आणि त्यांच्या जागी बाजारात मीटरवर मिळते ती रबरी पट्टी स्क्रूने ठोकली होती. आज ती उतरवली. रबर अजून छान मऊ आहे, उन्हाने त्याला काही केलेलं नाही. पत्र्याचं मात्र वाटोळं झालंय. पट्टीमागे मातीचा थर बसला होता, इतक्या थंडीतही आतून ओलसर. प्रत्येक स्क्रूभोवती गंजाचं वर्तुळ, आणि उजव्या मागच्या कमानीला तर बोटाने दाबताच पत्र्याचा चुरा हातात आला. नवे फ्लेअर कसेही निघोत, त्यांच्या मागे काय साठणार हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवायचा, हे आजच ठरवून टाकलं.

१७ जानेवारी

टेप घेऊन बसलो. जिप्सीच्या बाबतीत फ्लेअर ही हौसेची गोष्ट का नाही, हे तिचा इतिहास पाहिला की कळतं. १९८५ च्या अखेरीस आलेली पहिली जिप्सी अरुंद होती. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर १२१० मिमी, मागच्यांमधलं १२२० मिमी. १९९३ मध्ये मारुतीने ही दोन्ही अंतरं ९० मिमीने वाढवली, म्हणजे प्रत्येक चाक ४५ मिमी बाहेर आलं. गाडीचं धड तेच ठेवलं. बाहेर आलेली चाकं झाकायला कमानींवर वेगळे फ्लेअर चढले, आणि अरुंद जिप्सी कोणती, रुंद कोणती हे लांबून ओळखायची खूणही तीच झाली. १९९६ ची किंग याच रुंद गाडीवर उभी आहे.

त्यामुळे फ्लेअर नसलेली किंग म्हणजे चाकं उघडी पडलेली गाडी. माझ्या मोजमापात २०५ मिमी रुंद टायरची कड उघड्या पत्र्याच्या ४० मिमी बाहेर येते. खरेदीला निघण्याआधी हा आकडा हातात हवाच. जाहिरातीत लिहिलेली फ्लेअरची रुंदी आणि फ्लेअर पत्र्याबाहेर प्रत्यक्ष जेवढा येतो ते अंतर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पट्टी १०० मिमी रुंद असली तरी त्यातला निम्मा भाग पत्र्यावर बसण्यात जाऊ शकतो.

२१ जानेवारी

टायर आधी ठरवायचा, फ्लेअर नंतर. उलट्या क्रमाने गेलं की फ्लेअर भरून दिसावा म्हणून टायर गरजेपेक्षा मोठा घेतला जातो. मूळ माप २०५/७० आर१५ (रुंदी २०५ मिमी, टायरच्या कडेची उंची रुंदीच्या ७० टक्के, चाक १५ इंची), व्यास ६६८ मिमी. समोर दोन पर्याय होते. २१५/७५ चा व्यास ७०३ मिमी, मुळापेक्षा साधारण पाच टक्के मोठा. २३५/७५ चा ७३३ मिमी, जवळजवळ दहा टक्के मोठा. दहा टक्के म्हणजे काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी मूळ मापाच्या हिशेबाने ६६ ने धावत असणार, शिवाय पहिल्या गिअरचा जोर तेवढाच कमी. ऐंशी अश्वशक्तीच्या, टनभर वजनाच्या गाडीवर घाटात सामान चढवून हा तोटा मला नको.

चिखलाचाही हिशेब आहे. काळ्या मातीत वरचा थर लोण्यासारखा असतो, पण खाली बऱ्याचदा टणक तळ लागतो. अरुंद टायर थर कापून त्या तळावर उभा राहतो, रुंद टायर वरच तरंगतो आणि घसरतो. समुद्राच्या वाळूत हेच गणित उलटं होतं, पण माझ्या वाटेत वाळू फारशी नाही. २१५/७५ पक्का, तोही मूळ डिस्कवरच, म्हणजे टायर बसतो त्या लोखंडी चाकावर. डिस्क न बदलल्यामुळे टायर प्रत्येक बाजूला फक्त ५ मिमी जास्त बाहेर येईल. फ्लेअर पत्र्याबाहेर ५० मिमी आला की टायर झाकून वर थोडी जागाही उरते. गाडीची एकूण रुंदी मूळ फ्लेअर धरून १५४० होती, ती १५६० मिमी होईल, आणि आरसे त्याहूनही बाहेर आहेत.

४ फेब्रुवारी

ताडोब्याला जाऊन आलो. सफारी हे निमित्त होतंच, पण मोहर्लीच्या गेटवर पहाटे उभ्या असलेल्या जिप्सींच्या कमानी मला वाघाइतक्याच बघायच्या होत्या. या गाड्या हंगामभर रोज मुरमाच्या रस्त्यावर धावतात. कुठल्या जागी मार बसतो हे त्यांच्या पत्र्यावर लिहिलेलं असतं.

मला दिसलं ते असं. पुढच्या फ्लेअरचा वरचा भाग बहुतेक गाड्यांवर शाबूत होता. झिजलेले होते ते पुढच्या फ्लेअरचं खालचं मागचं टोक आणि मागच्या फ्लेअरची पुढची कड. कारण उघड आहे. पुढचं चाक खडा मागे भिरकावतं, तो आधी पुढच्या फ्लेअरच्या शेपटीला लागतो, तिथून सुटला तर थेट मागच्या फ्लेअरच्या तोंडावर येतो. फ्लेअर निवडताना सगळ्यांची नजर वरच्या कमानीवर असते. खरं काम ही खालची चार बोटं करतात.

एका चालकाशी बोललो. तो म्हणाला, "साहेब, रंगवलेलं लावाल तं दर सीझनला रंगवत बसाल. काळं लावा, ओरखडा दिसत नाही." हे लिहून ठेवलं. हल्लीच्या जिम्नी आणि थारच्या कमानी काळ्या, न रंगवलेल्या प्लास्टिकच्या असतात त्यामागेही हाच विचार असणार.

१८ फेब्रुवारी

आज खरा प्रयोग. पाऊस नसला तरी शेतावर चिखल तयार होता. संत्र्याच्या आंबिया बहाराचा ताण तोडून बागेला पाणी दिलेलं, धुऱ्यालगतचा (बांधाजवळचा) पट्टा भिजलेला. डाव्या मागच्या कमानीला जस्ती पत्र्याचा कामचलाऊ फ्लेअर बांधला, कड आत वळवलेली. बाजारातले बरेच फ्लेअर असेच असतात, कारण आत वळलेल्या कडेने तुकड्याला ताकद येते आणि बाहेरून जाड दिसतो. उजवीकडे तसाच फ्लेअर, पण आत वळण न देता कड सरळ खाली सोडलेली.

बागेला चक्कर मारून आलो तेव्हा डावीकडे कडेच्या आत काळ्या मातीचा फळीएवढा थर बसला होता. त्याच्यावर पुढची माती चिकटत गेली आणि शेवटी टायर मातीला घासू लागला, तो आवाज आत बसूनही ऐकू येत होता. उजवीकडे माती लागली होती, पण गोळा जड झाला की आपोआप गळून पडत होता.

काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसून दगड होते. लाल मातीच्या किंवा मुरमाच्या मुलखात आत वळलेली कड चालून जाईल. विदर्भात ती मातीची आणि ओलाव्याची कोठी होते. रबरी पट्टीमागे मी जानेवारीत जे पाहिलं तेच पुन्हा होणार. म्हणून पहिली अट लिहून टाकली : आतल्या बाजूला आडवा टप्पा कुठेही नको. फ्लेअर आणि पत्रा यांच्यातला कोनही उताराने भरून काढायचा, म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याने सगळं एका झटक्यात निघेल.

मागे उभे राहून पाहणारे शेजारचे काका म्हणाले, "काय जी, ट्रॅक्टरले तं काहीच नसते, तरी चालतेच ना." खरं आहे. ट्रॅक्टरचं मडगार्ड टायरपासून वीतभर वर असतं. जिप्सीला तेवढी जागा नाही, म्हणूनच एवढा विचार.

३ मार्च

कायद्याची बाजू आज एकदाची वाचून काढली. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. गाडीची फेरनोंदणी याच वर्षी ऑगस्टमध्ये आहे. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं असतं आणि एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी पाच हजार झाली. तपासणीला गाडी उभी राहील तेव्हा टायर कमानीच्या आत झाकलेला असावा आणि गाडी जिप्सीसारखीच दिसावी, एवढं मी स्वतःसाठी पक्कं केलं. कमान कापून बसवायचा कटआउट प्रकार इथेच बाद झाला. तो तसाही मला कधी पटला नाही. कापलेला पत्रा परत येत नाही.

२३ मार्च

उस्तादांकडे पत्र्याचं काम सुरू. उजव्या मागच्या कमानीचा गंजलेला भाग कापून नवा तुकडा वेल्ड केला, बाकी तीन कमानी वायर ब्रशने घासून झिंक प्रायमर मारला. पुट्टी अगदी पातळ, जिथे डोळ्याला खटकतं तिथेच. जुन्या स्क्रूंची भोकं वेल्डने बुजवली. उस्ताद म्हणाले, फ्लेअर पत्र्याचेच ठोकून देतो, वेल्ड करून टाकू, आयुष्यभर बघायला नको. त्यांच्या हातात ती कला आहे आणि पत्र्याचा फ्लेअर दिसतोही सुंदर. पण वेल्ड केलेल्या जोडाच्या मागे रंग पोचत नाही, आणि झाडाच्या खुंटाला फ्लेअर अडकला तर मार सरळ कमानीत जातो. मला फ्लेअर काढता-घालता यायला हवा. वर्षातून एकदा उतरवून मागचा पत्रा पाहायचा, ही दुसरी अट.

७ एप्रिल

मित्राच्या थारला दोन उन्हाळ्यांपूर्वी बाहेरून आणलेले एबीएसचे (एक प्रकारचं टणक प्लास्टिक) पॉकेट फ्लेअर आहेत, वर मोठे दिसणारे बोल्ट असलेले. आज सावकाश बघायला मिळाले. वरचा काळेपणा उडून राखाडी झालाय, बोट फिरवलं तर पांढरट भुकटी येते. दोन बोल्टांच्या भोकांतून बारीक तडे निघालेत.

दोन्हीचं कारण नागपूरचं ऊन आहे, फक्त वाटा वेगळ्या. एबीएसला लवचीकपणा देणारा घटक ब्युटाडाईन रबराचा असतो आणि सूर्याच्या अतिनील किरणांनी तोच आधी मरतो. वर ॲक्रिलिकचा थर दिलेलं एबीएस जास्त टिकतं, पण ते ओळखून विकणारा दुकानदार मला इथे भेटला नाही. तडे येतात प्रसरणामुळे. एबीएस पोलादाच्या सात-आठ पट पसरतं. कमानीवरून मोजलं तर फ्लेअरची लांबी १२०० मिमी भरते. डिसेंबरच्या पहाटे १० अंश आणि मे महिन्यात उन्हात तापलेली काळी वस्तू ७० अंश, असा ६० अंशांचा फरक धरला तर एबीएसचा फ्लेअर साडेसहा मिमी वाढतो. त्याखालचा पत्रा मिलिमीटरभरही वाढत नाही. भोकं गोल आणि बोल्ट घट्ट असतील तर हा फरक भोकाच्या काठावरच निघणार. मधला बोल्ट घट्ट, टोकांकडची भोकं लांबट आणि तिथले बोल्ट जरा सैल, असं बसवलं तर एबीएसही चालेल. मित्राला ते करून द्यायचं कबूल केलं आहे.

२१ एप्रिल

फायबरकडे वळण्याचं कारण घराच्या मागच्या भिंतीला टांगलेलं आहे. नागपुरात कूलर घराबाहेर खिडकीला लागतो आणि फायबरच्या बॉडीचे कूलर दहा-दहा उन्हाळे तसेच उभे असतात, आत सतत पाणी, बाहेर ४५ अंशांचं ऊन. वरचा जेलकोट (रेझिनचा रंगीत बाहेरचा थर) फिका पडतो, आकार बदलत नाही. काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिनचं प्रसरण पोलादाच्या अडीच पटीच्या आसपास, म्हणजे तोच १२०० मिमीचा तुकडा दोन मिमीच्या आसपास वाढेल. आणि तुटला तर घरी मॅट (काचतंतूंची चादर) आणि रेझिनने सांधता येतो. भामरागडच्या पुढे कुठे फ्लेअर फुटला तर तिथे सुटा भाग मागवण्यापेक्षा डब्यातलं रेझिन बरं.

दोष : धडक बसली की फायबर वाकत नाही, फुटतं, आणि फुटलेल्या कडा धारदार असतात. तरी निर्णय फायबरच्या बाजूने.

हिंगणा एमआयडीसीत कूलरच्या बॉड्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात गेलो. मालक म्हणाले, "सीझन चालू आहे भाऊ, मे उतरू द्या, मग आरामात करून देतो." थांबायची तयारी आहे.

२६ मे

साचे आज पूर्ण झाले. मूळ आकार गाडीवरच घडवला. कमानीवर मास्किंग टेप, त्यावर मेण, मग पीयू फोमचे ठोकळे चिकटवून घासत आकार काढला. थर्मोकोल वापरून चालत नाही, पॉलिएस्टर रेझिन लागताच ते विरघळतं. पुढचा डावा आणि उजवा आरशातल्या प्रतिमेसारखे, मागचेही तसेच, त्यामुळे साचे चार. टायरच्या खांद्याला खडू फासून एक चाक उंच ठोकळ्यावर चढवलं आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवलं. स्प्रिंगचे पाटे दबले की सरळ होतात आणि एक्सल वर जाताना थोडा पुढे-मागेही सरकतो, त्यामुळे सपाट जमिनीवर घेतलेलं माप पुरत नाही. पुढच्या फ्लेअरच्या आतल्या बाजूला मागच्या कोपऱ्यात खडूची रेघ उमटली. तिथला आकार १२ मिमी मागे घेतला.

२ जून

कारागीर पहाटे सहाला काम सुरू करतात. या उकाड्यात रेझिन डब्यातच घट्ट व्हायला लागतं, म्हणून हार्डनर कमी आणि एका वेळी थोडंच कालवायचं. कोबाल्ट (हार्डनरचं काम जलद करणारं द्रव्य) आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच हार्डनर. ती दोन्ही थेट एकत्र आली तर पेट घेऊ शकतात, म्हणून त्यांच्या बाटल्या कारखान्याच्या दोन टोकांना ठेवलेल्या. काळा जेलकोट, त्यावर ४५० ग्रॅमच्या मॅटचे तीन थर. जाडी सुमारे ३ मिमी झाली. बोल्टांच्या जागी चौथा थर मागून घेतला. रंग जेलकोटमध्येच आहे, वरून काही मारायचं नाही. ताडोब्याच्या चालकाचा सल्ला इथे वापरला.

९ जून

बसवण्याचा दिवस. उस्तादांनी भोकं पाडण्याआधी फ्लेअर टेपने चिकटवून गाडी चारी बाजूंनी पाहिली. हे न चुकता करावं. डोळा मिलिमीटर पकडतो.

प्रत्येक फ्लेअरला सहा बोल्ट. भोकाच्या कडांना झिंक प्रायमर, तो वाळल्यावर रबरी बाहीचे वेलनट. बोल्ट आवळला की रबर आत फुगून पत्र्याला धरतं, धातू धातूला लागत नाही आणि पाणी आत जात नाही. वरचे चार बोल्ट स्टेनलेसचे, खालच्या टोकांचे दोन नायलॉनचे. खुंटाला अडकला तर नायलॉन आधी तुटेल, फ्लेअरची शेपूट सुटेल, पत्रा वाचेल. जास्तीचे नायलॉन बोल्ट टूलबॉक्समध्ये टाकले.

फ्लेअर आणि रंग यांच्यामध्ये ईपीडीएम रबराची कडपट्टी घातली. तिच्याशिवाय बारीक धूळ फटीत शिरते आणि गाडीच्या थरथरीने सँडपेपरचं काम करते. पट्टी वरून सलग आहे, खाली दोन्ही टोकांना बोटभर उघडी सोडली आहे, म्हणजे आत गेलेलं पाणी खाली निघून जाईल. पूर्ण सीलंट भरा असा एक सल्ला आला होता, तो घेतला नाही. सीलंट एका जागी सुटलं की पाणी आत जातं आणि अडकून बसतं.

मागच्या फ्लेअरच्या पुढच्या कडेला, जिथे खडे बसतात, उमरेडच्या बाजूने मिळालेल्या खाणीतल्या जुन्या कन्व्हेयर बेल्टची पट्टी कापून लावली. पुढच्या चाकांमागचे मडफ्लॅपही त्याच बेल्टचे. कोळसा वाहिलेल्या रबराला खडीचं काय वाटणार.

२३ जून

पाऊस आला. शेताकडची पांदण पूर्ण भरलेली, बैलगाडीच्या चाकोऱ्यांत पाणी. टूलकिटमध्ये फावडं घेऊन गेलो होतो, लागलं नाही. माती कमानीत येते, गोळा होते, पडते. मागे उजवीकडे, वेल्ड केलेल्या तुकड्याच्या खाली, एका जागी माती थांबत होती. तिथे आतून बोल्टचं टोक जास्त बाहेर आलेलं, त्याला माती धरून राहिली होती. बोल्ट आखूड घातला आणि वर टोपीचा नट. बाकी कमानी पाइपच्या पाण्याने स्वच्छ झाल्या, हात आत घालावा लागला नाही.

चिखलाचा फवारा आधी दाराच्या वरून कोपरावर यायचा. आता दाराच्या खालच्या तिसऱ्या हिश्शातच राहतो. पुढच्या काचेवर मात्र वेगात अजून शिंतोडे येतात. पुढच्या फ्लेअरचं पुढचं टोक आणखी खाली आणलं तर थांबतील, पण मग चढावर चाकाला पुढून दगड लागताना ते टोक आधी घासेल. तसंच ठेवतो, वायपर आहे.

१४ जुलै

मधल्या बोल्टांची आवळणी तपासली, एकही सैल नाही. डावा पुढचा फ्लेअर मुद्दाम उतरवून पाहिला. मागचा पत्रा कोरडा, प्रायमर शाबूत, कडपट्टीखाली धूळ नाही. काढून परत बसवायला अर्धा तास पुरतो.

खर्चात सगळ्यात जड गेले ते साचे. दुसऱ्या कोणा किंगवाल्याला हेच माप हवं असेल तर कारखान्याने साचे जपून ठेवले आहेत, नुसत्या रेझिन-मॅटच्या खर्चात तुकडे निघतील. मात्र टायर २१५/७५ आणि डिस्क मूळची असेल तरच हे बसतात. त्याहून रुंद टायरला हेच फ्लेअर लावू नयेत, टायर बाहेर राहील.

राहिलेलं काम : ऑगस्टच्या तपासणीआधी मागच्या मडफ्लॅपची उंची दोन्हीकडे सारखी करणे, आणि प्रवासासाठी अर्धा किलो रेझिन, हार्डनर, मॅटचा तुकडा व हातमोजे एका डब्यात भरणे. कोबाल्ट कारखान्यातूनच रेझिनमध्ये मिसळून घ्यायचा, म्हणजे वाटेत दोन बाटल्या जवळ ठेवाव्या लागणार नाहीत.